पठारावरचे तेवीस खातेदार

त्यांना औषध नको होतं. शाहूपुरीत आमचं औषधांचं होलसेल दुकान आहे. धंदा थोरल्या दिरांचा. साठा, याद्या आणि मुदत संपलेला माल परत पाठवणं माझ्याकडे. एका दुपारी सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ काउंटरला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, काखेत रेक्झिनची पिशवी.

"ताई, गोळ्या नकोत," ते म्हणाले. "गोळ्यांच्या डबीत ती बारकी पुडी असती बघा, 'खाऊ नका' लिहिलेली. ती पाहिजे."

किती, म्हणून विचारलं, तर असतील तेवढ्या. कशाला, म्हणून विचारलं.

"वारस सुकवायचेत."

मी वर बघितलं. गंमत करणाऱ्या माणसाचा चेहरा नव्हता तो. फुटलेल्या डब्यांतल्या अठ्ठावीस पुड्या एका पिशवीत भरून दिल्या. त्यांनी त्या तिथंच मोजल्या, रेक्झिनच्या पिशवीतून एक वही काढली आणि मला पोच लिहून दिली: 'ओलावा शोषक पुड्या, नग अठ्ठावीस, मिळाल्या.' खाली सही, तारीख, वेळ. आजवर मला फुकट दिलेल्या वस्तूची पोच कुणी दिली नव्हती. ह्या माणसाशी आपलं जमणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

काका, मी त्यांना असंच म्हणायला लागले, सरकारी मोजणीदार होते. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, हद्दी दाखवल्या, भाऊबंदांच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्त व्हायच्या आधी, पन्हाळ्याच्या पलीकडं एका पठारावर मोजणीची साखळी ओढताना त्यांच्या पायाशी एक फूल दिसलं. वीतभर उंचीचं झुडूप, पानं अगदी गवतासारखी, आणि लांब नळीचं एक फूल, ज्याच्या पाच पाकळ्या वर टोकाला एकमेकींना चिकटलेल्या. हुबेहूब छोटा कंदील. पुस्तकवाले त्याला कंदीलपुष्प म्हणतात; वाडीतले लोक खरपुडी म्हणतात. काकांनी एका वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांना फोटो दाखवला. ते म्हणाले, ही जात फार थोड्या जागी उरलीय, कुणाला सांगू नका. पठाराचं नाव मीही इथं लिहीत नाही, त्याचं कारण हेच.

प्राध्यापकांनी 'नोंद ठेवा' एवढंच सांगितलं होतं. पण मोजणीदाराला नोंद ठेवायला सांगणं म्हणजे काय, ते त्यांना कुठं माहीत? काकांनी एक जाड रजिस्टर घेतलं आणि प्रत्येक झाडाला एक पान दिलं. झाड म्हणजे खातेदार. पानावर खातेदाराचा क्रमांक, उंची, फुलं किती, शेंगा किती, आणि मुख्य म्हणजे चतुःसीमा. खातेदार क्रमांक नऊच्या पानावर लिहिलं होतं: पूर्वेस बसक्या म्हशीसारखा काळा दगड, पश्चिमेस करवंदीची जाळी, उत्तरेस पाणी साठणारा खड्डा, दक्षिणेस खातेदार क्रमांक दहा. झाड वाळून गेलं की नोंद व्हायची 'मयत'. त्याच्या जागी रोप आलं की 'वारस लागला.' आणि शेंगेतून काढून बाटलीत ठेवलेलं बी म्हणजे वारस राखीव.

मी पहिल्यांदा पठारावर गेले तेव्हा मोबाईलवर जागेचे आकडे घेऊन गेले होते. मोबाईलनं मला बरोब्बर करवंदीच्या जाळीत नेऊन उभं केलं. काका त्यांच्या पानावरची चतुःसीमा वाचत सरळ चालत गेले, वाकले आणि गवतातनं दोन बोटांनी झाड वेगळं करून दाखवलं. तेव्हापासून मी मोबाईल फक्त फोटोसाठी वापरला.

पठारावर ते पायांत काही घालायचे नाहीत. अगदी काही नाही असं नव्हे. लोकरीचे पायमोज्यांचे दोन जोड, एकावर एक. बुटानं रोप मोडतं, अनवाणी काटा मोडतो, पायमोजा दोन्हीतनं वाचवतो, असा हिशेब. चिखलानं जड झालेले ते मोजे उतरताना पाच पाच किलोचे व्हायचे. एस.टी.त काका ते पिळायचे, आणि कंडक्टर त्यांना ओळखून असल्यामुळं आम्हांला मागची सीट मिळायची.

मागची सीट मिळायला आणखी एक कारण होतं. ह्या फुलांचं परागीकरण बारक्या माश्या करतात, असं काकांनी कुठंतरी वाचलं होतं. मग माश्या याव्यात म्हणून ते डब्यातनं सुकट न्यायचे आणि झाडांच्या शेजारी उघडी ठेवून बसायचे. स्वतः शाकाहारी. बाजारात सुकट घेताना नाकाला रुमाल लावायचे. मी सुकटीच्या बाजूच्या आणि बिनसुकटीच्या बाजूच्या शेंगा वेगवेगळ्या मोजल्या, दोन्हीकडं सारख्याच. हे दाखवल्यावर ते म्हणाले, "मग एक साल अजून बघू. माशीला सवय लागाय पाहिजे की."

त्यांची दोन वाक्यं मी रोज ऐकायची. एक म्हणजे, "मोजलं न्हाय ते हाय म्हणू नये." दुसरं जरा मान ताठ करून यायचं: "उभ्या नोकरीत माझ्या मोजणीवर कुणाचं अपील टिकलं न्हाय." पठारावर तेवीस खातेदार आहेत, ही त्यांची मोजणी होती. नऊ पावसाळे तीच. कुणी बावीस म्हटलं किंवा पंचवीस म्हटलं तर ते त्या माणसाला पुन्हा पठारावर नेऊन एकेक झाडापुढं उभं करायचे.

आणि एक नियम होता. कंदीलपुष्पाच्या शेंगा जोडीनं येतात, बैलाच्या शिंगांसारख्या. काका काकूंच्या जुन्या मलमलच्या साड्यांच्या बोटभर पिशव्या शिवायचे आणि जोडीतल्या एकाच शेंगेला पिशवी बांधायचे. शेंग पिकली की फटकन उकलते आणि रेशमी शेपटाचं बी वाऱ्यावर निघून जातं. पिशवी असली की बी आत राहतं. दुसरी शेंग मोकळी. "एक डोंगराची, एक आपली. वाटणी म्हंजे वाटणी."

हे बी ठेवता कुठं, म्हणून मी पहिल्याच महिन्यात विचारलं. त्यांनी घरी नेऊन दाखवलं. पत्र्याच्या छताखाली माळा, माळ्यावर लोखंडी ट्रंक, ट्रंकेत बाटल्या. प्रत्येक बाटलीवर खातेदाराचा क्रमांक, साल, बियांची संख्या, शेंग उकलल्याची वेळसुद्धा. लेबलं इतकी सुरेख की आमच्या दुकानात लावावीत. पण उन्हाळ्यात त्या माळ्यावर मला पाच मिनिटं उभं राहवेना.

"काका, ह्यांची मुदत किती?"

बियाला कसली मुदत, असं ते म्हणाले. मी म्हटलं, माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक वस्तूला मुदत असते, ह्यालाही असणार. प्रत्येक बाटलीतल्या दहा बिया उगवून बघू. ते तयार नव्हते. दहा वारस वाया घालवायचे म्हणजे काय? चार दिवस वाद झाला. शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, तांदूळ शिजला का बघायला शीत दाबतोच की न्हाय आपण?"

ओल्या टीपकागदावर प्रत्येक बाटलीतल्या दहा बिया मांडल्या. तीस दिवस मी रोज नोंद घेतली. एकही उगवली नाही. काहींना बुरशी आली, काही नुसत्या फुगून मऊ पडल्या. नऊ वर्षांची अख्खी ट्रंक मेलेली होती.

तिसाव्या दिवशी काकांनी माझी वही हातात घेतली, सगळ्या शून्यांवरून बोट फिरवलं आणि परत दिली. त्या संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतल्या एकेका बाटलीवरचं लेबल ओलं करून काढलं. मला त्या लेबलांचं वाईट वाटलं. काकांचं त्याहून फार वाईट वाटलं. त्यांना वाटत होतं, आपण गेलो तरी पठारावरची झाडं कुणी उपटली, जाळली, तर ट्रंक आहे. आता ट्रंक नव्हती. तेवीस झाडं होती, एवढंच.

मग काम सुरू झालं. यंदाचं बी नीट घ्यायचं, पुड्यांनी सुकवायचं, हवाबंद करून थंड ठेवायचं. लसी कशा ठेवतात ते मी त्यांना दाखवलं. काकूंनी फ्रिजचा भाजीचा कप्पा रिकामा केला, आणि काकांनी त्याबद्दल त्यांच्याकडून बक्षीसपत्र लिहून घेतलं, साक्षीदार मी.

आणि नेमकी इथं मी घाण केली. तेवीस झाडं म्हटल्यावर एकही कुणाच्या पायाखाली जाऊ नये, म्हणून आमच्याकडं खोक्यांना लावायच्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्यांचे काड्यांवर झेंडे केले. प्रत्येक झाडाशेजारी एक. काका नको म्हणत होते. खुणेचा दगड जमिनीबरोबर असावा, वर डोकावला की लोकांचे हात शिवशिवतात, असं त्यांचं मत. मी म्हटलं, ते शेतात. इथं कोण भांडायला येतंय? श्रावणातल्या एका शनिवारी सगळे झेंडे लावून, यादीत खूण करून, समाधानानं मी खाली उतरले.

पंधरा दिवसांनी गेलो. तेवीसच्या तेवीस झेंडे उभे होते. अकरा झेंड्यांच्या बुडाशी माती उकरलेली होती आणि झाड नव्हतं.

मी तिथं खाली बसले. काका एकेका जागेवर जाऊन चतुःसीमा वाचत होते, जणू जागा चुकली असावी. अकराव्या जागेवर आम्हांला ती भेटली. पन्नाशीची बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, खांद्यावर काठी, मागं सात म्हशी. वाडीतली असणार. तोंडात काहीतरी चघळत होती.

काकांनी विचारलं, इथलं झाड कुणी काढलं?

"मी की," ती म्हणाली. "खरपुडी व्हय? तहान लई लागती वर. कांदा ग्वाड असतोय, चघळला की बरं वाटतंय. पर घावत न्हाय ओ गवतात. औंदा तुमी झेंडं लावल्यासा म्हणून बरं झालं बघा."

तिनं कमरेच्या पिशवीतून सुपारीएवढा एक कंद काढला, पदरानं पुसला आणि माझ्यापुढं धरला. "घ्या पावणं. तुमच्यामुळं घावलंय."

मग मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. किती दुर्मीळ, किती वर्षांची मेहनत, ह्या अख्ख्या पठारावर ही तेवीसच झाडं. ती शांतपणे ऐकत होती. तेवीस म्हटल्यावर मात्र हसली.

"तेवीस? कुणी मोजली?"

"मी," काका म्हणाले. मान आपोआप ताठ झाली.

"पल्याडच्या कड्याखाली मी ल्हान हुते तवापास्नं खातोय आमी. तितं ह्याच्या दुप्पट हाईत."

काकांनी रजिस्टर मिटलं. कड्याखालचा तो पट्टा आम्ही कधी बघितला नव्हता, कारण वरून पाहिलं तर तिथं सरळ दरी आहे असंच वाटतं. म्हशी जिथनं उतरतात तिथनं ती आम्हांला घेऊन उतरली. दोन मोज्यांवर काका तिच्यामागं, त्यांच्यामागं मी, बसत बसत. खाली खोलीएवढ्या रुंदीचा गवताळ पट्टा होता, डोंगराला बांधल्यासारखा. आणि गवतातनं कंदील वर आलेले होते. कुठं एक, कुठं चार, एका खडकाच्या भेगेत सात एका रांगेत.

काकांनी मोजायला सुरुवात केली. ती बाई पुढं, काठीनं गवत बाजूला करणार; ते मागं, आकडा म्हणणार. चोवीस झाले तेव्हा ते थांबले, वळून माझ्याकडं बघितलं आणि परत मोजायला लागले. त्रेचाळीसवर संपलं. त्यांनी पुन्हा उलट्या बाजूनं मोजले. त्रेचाळीस.

मग त्या भिजल्या गवतात बसून सत्तरीचा हा माणूस मोठ्यांदा हसायला लागला. "ताई, माझी मोजणी चुकली," ते म्हणाले. "लिहा. माझी मोजणी चुकली. बाईंचं अपील मंजूर." हे त्यांनी किती वेळा म्हटलं, त्याची मी नोंद ठेवली नाही. त्या बाईला काहीच कळत नव्हतं, पण तीही हसत होती.

मी तिला विचारलं, तुम्ही इतकी वर्षं खाताय, तरी ही इतकी झाडं कशी राहिली? तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं कुणी पाणी ओलं का असतं म्हणून विचारावं.

"कांदा खायाचा, डोस्कं परत मातीत घालायचं. न्हाय घातलं तर फुडल्या साली काय खायाचं?"

वरच्या अकरा खड्ड्यांतसुद्धा तिनं कंदाचा वरचा भाग परत पुरला होता. पुढल्या पावसात त्यातले आठ खातेदार उगवले. काकांनी त्यांच्या पानावर 'मयत' लिहिलेलं खोडून 'गैरहजर होते, रुजू झाले' असं लिहिलं.

झेंडे मी मात्र ती भेटली त्याच दिवशी गोळा केले. ह्यापुढं कांदा खाऊ नका, असं तिला सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण काकांनी डोळ्यांनी थांबवलं. त्यांनी तिला फक्त दोन महिने मागितले: शेंगा पिकेपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका, स्वतःलापण. ती म्हणाली, "माझं मी बघतो, पर म्हशीचं कोण बघायचं?" मग म्हशींच्या वाटेवर तिनं काटेरी फांद्या टाकल्या. मलमलच्या पिशव्या कशा बांधायच्या हे तिला एकदाच दाखवावं लागलं. माझ्यापेक्षा ती भरभर बांधायची.

शेंगा धरल्या तेव्हा पुन्हा माझं आणि काकांचं वाजलं. ट्रंक गेलेली, वरच्या बारा झाडांपैकी पाचांनाच शेंगा. यंदाच्या वर्षी तरी दोन्ही शेंगांना पिशव्या बांधू, असं माझं म्हणणं. मला ते अगदी हिशेबी वाटत होतं. काका ऐकेनात. मी त्या बाईला विचारलं, तुम्ही सांगा. ती म्हणाली, "डोंगराचं काढून घेतल्यावर डोंगर काय खाईल?" दोघंही एकाच पक्षाचे निघाले. वरच्या पाच आणि कड्याखालच्या चौदा, एकोणीस शेंगा आमच्या, एकोणीस डोंगराच्या.

बी आलं, पुड्यांसोबत सुकलं, मोजलं गेलं, बाटल्यांत गेलं, बाटल्या भाजीच्या कप्प्यात गेल्या. पण वीस बिया मी बाजूला ठेवल्या. ह्या वेळी वाद झाला नाही. काकांनीच ताटली पुसली, टीपकागद कापला, बिया चार ओळींत मांडल्या आणि वर काच ठेवली. मी सांगून आले की नोंद रोज संध्याकाळी सहाला घ्यायची, एकदाच. आणि मूळ बियाएवढं लांब झाल्याशिवाय उगवलं असं धरायचं नाही. त्यांनी दोन्ही अटी लिहून घेतल्या.

सात दिवस काही नाही. रोज सहाला फोन यायचा. ते म्हणायचे, "निरंक," आणि ठेवायचे. सातव्या दिवशी तो शब्द इतका हळू आला की मलाच पुन्हा विचारावं लागलं.

आठव्या दिवशी सकाळी अकराला, दुकानात पेट्या उतरत असताना, फोन वाजला.

"एक," काका म्हणाले आणि ठेवला.

मी एक लिहिला. वीस मिनिटांनी पुन्हा. "तीन." मी त्यांना आठवण करून दिली, काका, सहा वाजता, एकदाच. ते हो हो म्हणाले. अर्ध्या तासात फोन. "सहा वाजले न्हाईत, माहीत हाय मला. पाच झाली." मग सात. मग नऊ, आणि नऊनंतर जरा वेळानं, "आठवी मी दोनदा धरलेली, आठच," आणि लगेच, "न्हाय, आता नऊच." दिरांनी विचारलं कुणाचा फोन येतोय सारखा, तर मी म्हटलं साठ्याचं काम चाललंय.

चारला काकूंचा फोन आला. "तू ये बाई आता. सकाळपासनं जेवले न्हाईत. ताटलीपुढं खुर्ची टाकून बसलेत आणि मला तिकडनं चालूसुदिक देईनात, वारा लागंल म्हणत्यात."

परत पाठवायच्या मालाची यादी अर्धी झाली होती. ती तशीच मिटून मी स्कूटी काढली.

काकांनी माझ्यासाठी दुसरी खुर्ची मांडूनच ठेवली होती. काचेखाली पांढऱ्या, बारीक, सुतासारख्या मुळ्या. मी मोजल्या. त्यांनी मोजल्या. सतरा. दोन बिया ढिम्म होत्या. आणि कडेला एकीचं टरफल चिरलेलं, त्यातनं टाचणीच्या टोकाएवढं पांढरं काहीतरी दिसत होतं.

"धरू या, काका," मी म्हणाले. "ही उगवलीच म्हणायची."

"मूळ बियाएवढं हाय का?"

"नाही."

"मग न्हाय धरायची. बसा."

आम्ही बसलो. काकूंनी आमच्या दोघांच्या हातात ताटं दिली आणि काकांनी ताटलीवरची नजर न काढता जेवायला सुरुवात केली. दुकानातनं दिरांचा फोन आला. किती वेळ लागेल अजून, विचारत होते.

मी काचेवर वाकून बघितलं. म्हटलं, "थोडा लागेल. एकच राहिलंय."